उपरण्याखालचा हात

“हा चेहरा तुमचाच का, बुवा?”

जिजाबाने हातातला कागद रेवणबुवांच्या पुढ्यात आपटला. वहाणा बाहेर काढायचंही त्याला भान राहिलं नव्हतं.

बुवांनी चहाचा पेला खाली ठेवला. कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला.

“नाक तर माझंच दिसतंय,” ते म्हणाले.

“थट्टा नका करू.”

“बरं.”

कागदावर बुवांचा फोटो होता. पांढरी दाढी, मिटलेले डोळे, मागे मठाची दगडी भिंत. खाली ठळक अक्षरात छापलं होतं : ‘बुवांनी मांसाहार सोडला. तुम्ही कधी सोडणार?’

शहरातल्या कुठल्याशा प्राणिमित्र संस्थेची एक मुलगी महिन्यापूर्वी बुवांच्या टेकडीवरच्या मठात आली होती. तिने विचारलं, बुवा, तुम्ही मटण खाता का? बुवा म्हणाले, नाही. तिने विचारलं, फोटो काढू का? बुवा म्हणाले, काढ. एवढंच झालं होतं. आता तोच फोटो तालुक्याच्या शेळीबाजाराच्या कमानीवर बैलगाडीएवढा होऊन लटकत होता, आणि त्याच्याखालून मान खाली घालून जाताना गिऱ्हाइकाला शरम वाटायला लागली होती.

“ह्यात खोटं काय लिवलंय?” बुवांनी विचारलं.

“खोटं न्हाई, त्योच तर घोटाळा झालाय! खोटं असतं तर म्या फाडून आलो असतो.”

जिजाबा खाली बसला. लगेच उठला. पुन्हा बसला. धिप्पाड माणूस, बाजारात त्याच्या शब्दाला वजन. बुवांचा सगळ्यांत जुना शिष्य, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. पण आज त्याची बोटं स्वस्थ नव्हती. धोतराचा एकच धागा ती ओढत होती.

“मागल्या बाजाराला सगळी बोकडं परत आणली, बुवा. एक न्हाई गेला. जत्रा कमिटीनं औंदा पुरणपोळी ठरवलीय. हाटेलवाले म्हणत्यात, थांबा जरा, वारं बघू. आन् घरी कडबा संपत आलाय.”

“हं.”

“घोलप व्यापारी उद्या शेवटचा येणार. उद्याही बाजार थंड निघाला तर त्यो खाली कर्नाटकात जाणार. मग बोकडं गळ्यात. ती खात्यात ते शेळ्यांच्या तोंडचं खात्यात. गाभण शेळ्या हायेत, बुवा. त्यांच्या बरगड्या दिसाय लागल्यात. बोकडं न्हाई गेली तर शेळ्याच इकाव्या लागतील. शेळ्या गेल्या की मागं काय ऱ्हातं? नुसती दावी.”

त्याचा आवाज चिरकला. तो त्याला आवडला नाही. खाकरून त्याने तो जाड केला.

“उद्या बाजारात चला. तुमचा फोटो उतरवाया सांगा. आन् लोकांम्होरं बोला, मटण खाण्यात पाप न्हाई म्हणून.”

“म्या कसं बोलू? म्या खात न्हाई.”

“मग बोला, आमी शेळ्या पाळणारे पापी.”

“तेबी कसं बोलू?”

“मग बोलणार तरी काय?”

मठाच्या आडोशाला बांधलेली शेळी रवंथ करत होती, तिचा तेवढा आवाज येत राहिला…

जिजाबाला ही शांतता नेहमी सोसत असे. आज सोसेना.

“म्या सुदिक खात न्हाई, बुवा. तुमच्या पायाशी शब्द दिला त्या दिसापासनं रस्सा चाखला न्हाई. सख्ख्या पुतणीच्या लग्नात ताटावरनं उठलो. म्या फकस्त पाळतो आन् इकतो. माझे हात सोच्छ हायेत.”

“सोच्छ?”

“व्हय!”

“दाखव.”

जिजाबाने दोन्ही तळवे पुढे केले. बुवांनी ते आपल्या हातात घेतले, नाकाशी नेले, आणि हळूच सोडून दिले.

“बोकडाचा वास येतोय,” ते म्हणाले.

जिजाबाच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. इतकी वर्षं सांभाळलेलं त्याच्या तोंडून सुटलं, ते त्याला थोपवता आलं नाही.

“माझ्या हाताला येतो. आन् तुमच्या चहाला येत न्हाई व्हय?”

बुवांनी वर पाहिलं.

“हितली शेळी दरसाली वितीया. करडं व्हत्यात. माद्या ऱ्हात्यात, दूध देत्यात, त्या दुधाचा चहा तुमी पिता, येणाऱ्याजाणाऱ्याला पाजता. बोकडं कुठं जात्यात, बुवा? कधी बघितलाय मठात एक तरी म्हातारा बोकड? दरसाली म्या येतो, बोकड सोडून नेतो आन् माघारी कडबा आणून टाकतो. त्यो कडबा काय आभाळातनं पडतो? एकदा तरी इचारलं का, जिजाबा, बोकड कुठं गेला?”

“न्हाई इचारलं.”

“का?”

बुवांनी चहाचा पेला हाताने दूर सारला.

“तू सांगितलं असतंस.”

…

जिजाबा घाबरला. खरंच घाबरला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आत्ता कळलं. त्याने बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

“माफी करा. जीभ सैल सुटली. ध्यानी घिऊ नका.”

“ऊठ. औंदाचा बोकड हाय ना बांधलेला?”

“हाय.”

“उद्या त्यो म्या आणतो.”

“तुमी?… बुवा, नको. म्या नेतो की. दरसाली म्याच नेतो.”

पण बुवा उठून शेळीकडे गेले होते. पेल्यातला चहा तसाच राहिला. वर साय धरली.

रात्र जिजाबाने तळमळत काढली. आधी त्याला बोकडांची काळजी होती, आता बुवांची लागली. माणसं हसतील. कुणी आडवं बोलेल. कुणी फोन काढून फोटो घेईल, आणि गावोगाव बुवांची शोभा होईल. सगळं आपल्या तोंडामुळे. बुवांची तब्येत बिघडावी, त्यांना टेकडी उतरताच येऊ नये, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

बुवांची तब्येत ठणठणीत होती. उजाडताच ते बाजाराच्या कमानीत हजर झाले. हातात दावं, दाव्याला काळा बोकड, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. वर त्यांचाच चेहरा, डोळे मिटलेला. खाली ते, डोळे उघडे असलेले.

संस्थेची मुलगी तिथेच कागद वाटत होती. ऋजुता तिचं नाव. मुलगी वाईट नव्हती. बाजारातलं बोकडांचं ओरडणं ऐकून तिला जेवण जात नसे, आणि तरी ती दर बाजाराला येत असे. बुवांना पाहताच ती धावत आली, वाकून नमस्कार केला. मग तिने बोकडाच्या गळ्यावरून हात फिरवला.

“याला सोडवून आणलंत का, बुवा?”

“न्हाई पोरी. इकायला आणलाय.”

तिचा हात तिथेच थांबला.

“पण… तुम्ही तर खात नाही.”

“न्हाई खात. तू बरोबर छापलंयस.”

“मग?”

“चहात दूध घेतो.”

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. ती बोकडाकडे बघत राहिली, तिचे डोळे भरून आले.

“मी फोटो उतरवू का?” तिने हळू आवाजात विचारलं.

जिजाबा मागेच उभा होता. हेच तर त्याला हवं होतं. त्याने घाईघाईने मान हलवली. व्हय म्हणा, बुवा, व्हय म्हणा.

“कशापायी?” बुवा म्हणाले. “खोटा हाय का?”

“नाही. पण लोक म्हणतील…”

“ऱ्हाऊ दे वर. म्या खाली उभा ऱ्हातो.”

आणि ते तसेच उभे राहिले.

एव्हाना बाजार भोवती गोळा झाला होता. शेळ्यावाले आपल्या शेळ्या सोडून आले. चहावाला किटली घेऊन आला. कुणी हसलं नाही. हसले असते तर जिजाबाला बरं वाटलं असतं. त्याची स्वतःची बोकडं पलीकडे ओळीत बांधलेली होती, त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं, आणि सकाळपासून ती त्याला आठवलीही नव्हती.

घोलप व्यापारी गर्दी सारत आला. बुवांना पाहून आधी त्याने पायताण काढलं, मग बोकड पाहून ते पुन्हा घालावं की काय हे त्याला सुचेना.

“बुवा, तुमच्या हातनं म्या कसा घेऊ?”

“इतकी वर्षं घेतोयस. फकस्त हात दुसऱ्याचा होता.”

घोलपाने जिजाबाकडे पाहिलं. जिजाबाने जमिनीकडे.

या बाजारात दाम तोंडाने ठरत नाही. व्यापारी आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकतो आणि आत बोटं धरून भाव होतो. एक बोट, दोन बोटं, अर्धं पेर. कोण कितीला तुटला ते बाहेरच्याला कळत नाही. हात आत, तोंडं बाहेर, आणि तोंडांवर काही दिसू द्यायचं नाही. जिजाबा त्यात वस्ताद होता. सौदा होताना तो कमानीकडे बघायचा, आणि दावं दुसऱ्याच्या हातात गेलं की वळून चालू लागायचा. बोकडाकडे त्याने कधी बघितलं नव्हतं.

घोलपाने खांद्यावरचं उपरणं काढलं. आज त्याला त्याचा आधारच वाटला. त्याने ते बुवांच्या हातावर पसरलं, नीट, चारी बाजूंनी, देवावर शेला घालावा तसं.

जिजाबाला राहवलं नाही. तो पुढे झाला.

“बुवा, पाया पडतो तुमच्या. तुमी बाजूला बसा. म्या देतो हात. माझ्या हाताला तसाबी वास येतोच की…”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि भर बाजारात ते पुसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

बुवांनी मोकळ्या हाताने दावं त्याच्याकडे दिलं.

“तू ह्याला धर. आन् ह्याच्याकडं बघ.”

जिजाबाने दावं धरलं. बोकडाने मान वर केली आणि त्याच्या मनगटावरचा घाम चाटायला सुरुवात केली. जिजाबा त्याच्याकडे बघत राहिला.

उपरण्याखाली घोलपाने बुवांची बोटं चाचपली.

“बोला, बुवा,” तो पुटपुटला.

बुवांनी एकदा वर, आपल्याच मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग जिजाबाकडे…

“उपरणं काढ, घोलप. माझा हात दिसू दे.”