हरभऱ्यावरचं कफन

"पण बाबा, कफनच का? साधी चादर नाही का चालणार?"

कमालबाबा हसले. "चादर रोज लागती. हे एकदाच लागणार हाय. तोवर रिकामं पडून करतंय काय?"

पुण्याहून आलेल्या सुमेधला या फकिराचा शागीर्द व्हायचं होतं, आणि परीक्षा म्हणाल तर एवढीशी. बाबांनी स्वतःसाठी आणून ठेवलेलं कफन संध्याकाळी दर्ग्यामागच्या हरभऱ्यावर पसरायचं. उजाडताना दवाने भिजलेलं उचलायचं आणि पिळायचं. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, तो आंबट रस, त्यात उतरते. गावातल्या दुखऱ्या पोटांना तेच औषध.

"मॅलिक ॲसिड," सुमेध म्हणाला. केमिस्ट्रीत पहिला आलेला, गप्प राहवतंय थोडंच. "कच्च्या सफरचंदात असतं ना, तेच. आंबट गोळ्यांत घालतात, तोंडाला लावायच्या क्रीममध्येसुद्धा. यात गूढ काही नाही, बाबा."

"नाही ना? मग जा. लोटाभर आण... अन् हो शागीर्द."

संध्याकाळी सुमेध कफन पसरून आला. पहाटे जाऊन बघतो तर काय, धुक्यात सगळं शेत बुडालेलं. कफन तेवढं पांढरंफटक.

आणि मधोमध फुगलेलं. खाली माणूस झोपावा तेवढं.

वारा असेल, म्हणत सुमेध बांधावर थांबला.

वारा नव्हता.

कफन हळूच वर आलं... खाली गेलं... पुन्हा वर.

त्याचा पाय काही बांधावरून उतरेना. कितीतरी वेळ तो तसाच उभा. मग मागे वळला तो थेट विहिरीवर. लोट्यात पाणी भरलं, वर खांद्यावरच्या बॅगेतलं लिंबूसत्त्व टाकलं. आंबट ते आंबटच, कोणाला कळतंय.

बाबा दारातच बसले होते. लोट्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"हरभऱ्यातून आलास?"

"हो."

"दव लई पडलं आज."

"हो ना, खूपच."

"मग तुझा पायजमा कोरडा कसा रं, लेकरा?"

सुमेधने खाली पायजम्याकडे पाहिलं.

बाबांनी त्याच्या हातातून लोटा घेतला, निवांत घोटभर प्यायले. "सरबत बरं केलंस."

"भ्यालो मी, बाबा," सुमेध कसाबसा म्हणाला. "शागीर्द नका करू. पण एवढं तरी सांगा... कफनाखाली कोण होतं?"

बाबांच्या लुंगीची कड ओली होती. तिला हरभऱ्याची पानं चिकटली होती.

"तोबी मला हेच विचारत होता... बांधावर कोण उभं हाय."