येमाजीनं आण्णाला बोलतं केलं

एका गावात एक भोळा भाऊ हुता. नाव येमाजी. सांगितलं तेवढंच करायचा, आन सांगितलं तसंच करायचा. समदा घोटाळा ह्यातच हुता.

त्येचा थोरला भाऊ आण्णा. आण्णाचा आवाज असा, की बांधावरनं बायकूला "सगुणे!" म्हनून हाक मारली तर नदीपल्याडची म्हसरं माना वर करायची. एक दिवस सकाळी आण्णाच्या अंगावरनं वारं गेलं. हात-पाय दीड म्हैन्यानं वळनावर आलं. वाचा काय आली न्हाई. समदं शबूद गेलं, एकच मागं ऱ्हायला. कोथमीर. पानी पायजे, कोथमीर. वाकळ पायजे, कोथमीर. बायकूला हाक मारायची, तरी कोथमीर.

सगुणाबाई म्हनली, "भावजी, मला दुसरं काय बी नको. येकदा त्येंच्या तोंडनं माझं नाव ऐकू द्या."

शहरातल्या दवाखान्यात एक डाक्टरीणबाई हुत्या. त्या म्हनल्या, "डोक्याला बाहेरून चुंबकाचं मशीन लावायचं. कापाकापी नाही. दहा दिवस यायचं, आणि सोबत बोलायचा सराव. गुण येईलच असं मी म्हणत नाही. पण करून बघू."

सगुणाबाईचं गुडघं धरल्यालं. तवा आण्णाला न्यायचं काम येमाजीकडं आलं. घरात दुसरं कोन हुतंच न्हाई, न्हाईतर त्येच्या हातात कुनी शेरडू बी दिलं नसतं.

पयल्या दिवशी बाईंनी बजावलं, "काका, डोक्याजवळ लोखंड अजिबात नको हं."

येमाजीनं मान डोलावली. आण्णाच्या खिशातला अडकित्ता काढला. मशीन टक टक टक वाजलं. दोघं घरी आलं.

सांजच्याला सगुणाबाई दळन घिऊन आली, तर घरात ऊन. वर बघितलं, तर आभाळ.

"भावजी, पत्रं कुठं गेलं?"

"उतरावलं. आण्णाच्या डोस्क्यावरच हुतं की."

"आन खाट?"

"लोखंडी हुती. शेजारी दिली."

आण्णा भुईवर उताना पडला हुता. आभाळाकडं बोट करून म्हनला, "कोथमीर!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ते मशीनपुरतं होतं! घराला हात लावू नका. तुम्ही एकच करा. ते शब्द शोधत असले की मध्ये बोलू नका. सापडेपर्यंत थांबा."

"थांबतो," येमाजी म्हनला.

परतीला वडापची जीप धरली. डायवरनं आण्णाला इचारलं, "म्हातारबा, कुठं उतरायचं?"

आण्णानं तोंड उघडलं. "को... को..."

येमाजी हाताची घडी घालून थांबला. जीप काय थांबली न्हाई. गाव आलं. आण्णानं काठीनं आपलं घर दावलं. शेजारनीनं हात केला. आण्णा जिवाच्या आकांतानं वराडला, "कोथमीर! कोथमीर!"

"घाई न्हाई आण्णा," येमाजी म्हनला. "सापडंल."

गाव गेलं. म्होरलं गाव गेलं. घाट आला, घाट सरला. जीप जितं संपायची तितं दोघं उतारलं, आन तितनं चालत आलं.

सगुणाबाई म्हनली, "भावजी, आपलं गाव दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं की. आण्णा बी दावत हुतं. पन शबूद सापडला न्हाई."

तिसऱ्या दिवशी हे ऐकून डाक्टरीणबाई चिडल्या. "अहो, परक्या माणसानं काही विचारलं, की तुम्ही पुढं होऊन सांगायचं! कळलं?"

"कळलं."

त्याच दिवशी बोलायचा सराव हुता. सराव घेनाऱ्या बाई नव्या. त्येंनी चित्रांची गड्डी काढली. छत्री दावली. "आजोबा, हे काय आहे?"

आण्णाचं व्हट हलाय लागलं. येमाजी उठून हुबा ऱ्हायला.

"छत्री!"

"काका, तुम्ही नका बोलू."

"तुमी परक्या हाय. मीच सांगनार."

कुलूप आलं. "कुलूप!" बदक आलं. "कोंबडी!" अशी वीस चित्रं झाली. येमाजी छाती फुगवून घरी आला.

"वहिनी, परीक्षेत आण्णाचं येकच चुकलं. बदकाला कोंबडी म्हनलं."

सगुणाबाईच्या हातातला तांब्या पडला. "म्हंजी बोललं?"

"न्हाई. बोललो मी."

सहाव्या दिवशी डाक्टरीणबाईंनी त्येला म्होरं बसवलं आन कागदावर डोस्क्याचं चित्र काढलं. "हे बघा. मार बसलाय डाव्या बाजूला. बोलणं तिथलं. उजवी बाजू चांगली आहे, पण ती फार गडबड करते, डावीला डोकं वर काढू देत नाही. म्हणून आपण चुंबकानं उजवीला जरा गप्प करतो. मग डावी बोलायला लागेल, अशी आशा."

"म्हंजी चांगलं आसंल त्येला गप करायचं?"

"बरोबर!" बाई म्हनल्या. पयल्यांदाच त्येला कुनी बरोबर म्हनलं. तितंच घात झाला.

येमाजी वाटंनं इचार करत आला. आपल्या घरात चांगलं कोन बोलतं?

"वहिनी, आजपास्नं तुमी गप बसायचं. बाईंनीच सांगितलंय."

"मी? माझ्या डोस्क्याला काय धाड भरलीया?"

"काय बी न्हाई. म्हनूनच."

नवऱ्याचं निम्मं वाक्य चाळीस वर्सं आपनच पुरं करनारी बाई. पन आपलं नाव ऐकायसाठी तिनं त्ये बी केलं. पदराचं टोक दातात धरलं आन चार दिवस हूं का चूं केलं न्हाई. घरात नुसती भांडी वाजायची.

धाव्या दिवशी मशीन झालं, सराव झाला, दोघं घरी आलं. सगुणाबाई मागं परड्यात शेन काढत हुती. आण्णा उंबऱ्यात टेकला. बसल्या बसल्या त्येचं व्हट हलाय लागलं.

"स... स..."

कपाळावर घाम आला. मानंची शीर फुगली.

"सगु..."

आन मंग एकदम, खनखनीत, "सगुणे! आगं सगुणे, हिकडं ये!"

येमाजीच्या डोळ्यात टचकन पानी आलं. आण्णा बोललं! चांगलं झालं! आन चांगलं झालं म्हनल्यावर काय करायचं, त्ये त्येला आता कुनी सांगायची गरज नव्हती.

त्येनं दोन्ही हातांनी आण्णाचं तोंड दाबलं. आण्णानं बोट चावलं. येमाजीनं त्येला उताना पाडला आन छातीवर बसला.

सगुणाबाई गुडघं इसरून पळत आली. हात शेनानं भरल्यालं. दारातच थबकली. खाली नवऱ्याचं पाय झाडनं चाललंय, वर दीर बसलाय.

दिरानं तिच्याकडं बघितलं आन आनंदानं वराडला,

"वहिनी, आण्णाचं तोंड लई चांगलं झालं! बिगी बिगी या, पाय धरा! मला येकट्याला गप हुईनात!"