मठाच्या जीपची किल्ली

"मग किल्ली कवा देताय, बुवा?"

केरबा सकाळपासून हेच विचारत होता. मठातलं मांजरसुद्धा ऐकून कंटाळलं आणि उठून दुसरीकडे गेलं.

विश्वंभरबुवा ओट्यावर बसून पेरू खात होते. आजऱ्याच्या बाजूला डोंगरावर त्यांचा लहानसा मठ, आणि मठाची एक जीप. ती चालवणारा दत्तोबा थकला म्हणून लेकीकडे राहायला गेला होता. त्याच्या जागेवर बसायचं, याखेरीज केरबाला सध्या दुसरं काही सुचत नव्हतं.

"लायसन आलं?" बुवांनी विचारलं.

"आलं की. आधी शिकाऊ, मग पक्कं. आठाच्या आकड्यात गाडी फिरवून दावली, एक खांब हलला न्हाई. सायेब म्हनाले, असा हात लई दिसांनी बघितला."

शेवटचं वाक्य केरबाने पदरचं घातलं असावं.

"आणि नियम?"

"तोंडपाठ. शाळंजवळ हळू. वळणावर हॉर्न. अँब्युलन्सला वाट. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट. चालवताना फोन न्हाई..."

"बास, बास. पेरू खाऊ दे."

केरबाने त्यांना एक घास खाऊ दिला.

"मग किल्ली?"

"दत्तोबाला कशी मिळाली, ठावं हाय?"

"न्हाई."

"त्याच्या शेजारी बसलो आणि मला झोप लागली. ज्याच्या शेजारी मला झोप लागंल, त्याची किल्ली." बुवांनी हात झटकले. "आज खालच्या गावात प्रवचन हाय. तूच ने."

केरबा मनात हसला. म्हाताऱ्या माणसाला झोप लागायला कितीसा वेळ...

दसरा नुकताच झाला होता. जीपच्या काचेवर झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या. केरबाने त्यात आपली भर घातली होती. समोर मधोमध, काचेला टेकवून, बुवांचा चौकटीतला मोठा फोटो. फोटोला आणखी एक जाडजूड हार.

"हे काय?"

"तुम्ही सारखं डोळ्यांसमोर असावं म्हणून." यात खोटं काही नव्हतं. बुवांवर त्याचा खरोखर जीव होता.

बुवांनी पट्टा लावला आणि टक्क जागे बसले.

जीप डोंगर उतरू लागली. केरबा झकास चालवत होता. खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलू देत नव्हता. अधूनमधून हळूच शेजारी बघत होता. बुवांचे डोळे उघडेच.

"झोपा की, बुवा."

"हूं..."

डावीकडचं वळण आलं. केरबाने नियमाप्रमाणे हॉर्न दिला. नियमाप्रमाणे वेग कमी केला.

"ब्रेक दाब," बुवा म्हणाले.

जीप गचकन थांबली. पुढे हातभर अंतरावर खालच्या गावातली गौराक्का उभी होती. तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा रस्त्यावर पडून विस्कटला होता. ती आपली कडेकडेने नीट चालली होती. केरबाला ती दिसलीच नव्हती.

गौराक्काने बॉनेटवर थाप मारली. "काय रं, हॉर्न वाजिवतोस आणि मानूस दिसत न्हाई व्हय तुला?"

मग तिने वाकून काचेतून आत बघितलं.

"दिसंल कुठनं? ह्यो म्हातारा बसलाय की मधी."

ती फोटोबद्दल बोलत होती. खरा म्हातारा एव्हाना खाली उतरून तिचं गवत गोळा करत होता.

"खरं हाय, आक्का. मीच आडवा आलो. माफी कर."

"अगं बया... बुवा, तुमी?"

गौराक्काने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही. बुवाही हसले. दोघांनी मिळून भारा बांधला, बुवांनी तो उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि ती गेली.

केरबा एकटाच हसत नव्हता. त्याने किल्ली काढली आणि बुवांपुढे धरली.

"घ्या, बुवा. तिला काय झालं असतं म्हंजे... न्हाई. ह्यी जागा माझी न्हवं."

बुवांनी किल्लीकडे बघितलंही नाही. काचेवरच्या माळा एकेक करून काढल्या आणि स्वतःच्याच गळ्यात घातल्या. मग फोटो उचलून केरबाच्या हातात दिला.

"ह्याला मागच्या शीटवर बसीव."

"मागं? मग मी तुमच्याकडं पाठ करून बसू?"

गुरूकडे पाठ करायची नाही, हे मठात आल्या दिवसापासून केरबाच्या अंगात मुरलेलं.

"बस की. आणि त्याला पट्टा लाव. नियम हाय."

केरबाला हसू आलं, तेवढ्यात रडूही आलं. दोन्ही पुसत त्याने फोटो मागे नेऊन बसवला, पट्टा लावला आणि पुन्हा स्टिअरिंगवर येऊन बसला.

काच आता मोकळी होती. या रस्त्यावर इतकं काही असतं, हे त्याला आजच कळलं. एक मुंगूस पळत आडवं गेलं. दोन शाळकरी मुली सायकली हातात धरून चढत होत्या. खालून खताची पोती लादलेला ट्रॅक्टर धापा टाकत येत होता. केरबाने जीप कडेला घेतली आणि थांबला. ट्रॅक्टरवाल्याने हात केला. केरबानेही केला. त्याला फार बरं वाटलं. किल्ली, झोप, सगळं तो विसरून गेला होता.

खालच्या गावाचं देऊळ दिसू लागलं, तेव्हा शेजारून बारीक आवाज आला.

घुर्र... घुर्र...

केरबाच्या मनात एकदम लाडू फुटले. खात्री करून घ्यायला त्याने मान वळवली.

बुवांचे डोळे मिटलेले होते. गळ्यात झेंडूच्या माळा, मान एका बाजूला कललेली. त्यांनी डोळे न उघडताच एक बोट केरबाच्या हनुवटीला लावलं आणि त्याचं तोंड हळूच रस्त्याकडे फिरवलं.

"झोपलोय मी... पुढं बघ."