तिसरी हाक

ज्यांनी हे केलं, त्यांनी ते तळं कधी पाहिलंही नव्हतं. त्यांना बांधापलीकडचं तण मारायचं होतं. त्यांनी औषध फवारलं, तण मेलं, त्यांनी हात धुतले. ते पाणी पुढे कुठे गेलं, हे विचारावं असं त्यांच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

ते तळ्यात आलं.

त्या तळ्याचं राज्य एका हाकेवर चालत असे. थंडी सरली की प्रत्येक देठात, अगदी आतून, ‘वाढ’ अशी हाक उठे. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही, असा तिथला रिवाज होता. दोन हाकांमधल्या शांततेत प्रत्येकाने शेजारी पाहायचं, की आपलं पान पसरलं तर कोणाचा उजेड जाईल. तिसऱ्या हाकेपर्यंत ज्याची त्याची जागा ठरलेली असे. कमळीण आपली पानं जरा दूर दूर ठेवी, मधल्या फटींतून उजेड तळापर्यंत उतरे, आणि तळगवत त्या उजेडाचे बुडबुडे करून वर पाठवी. त्यांवर मासे जगत.

त्या वर्षी पाणी किंचित कडवट झालं आणि हाक अवेळी आली. ती आतूनच आली, ज्याच्या त्याच्या आवाजात. फरक एवढाच, की ती मधे थांबत नव्हती. शांतता नव्हती, म्हणून पहिली कुठे संपली आणि तिसरी कुठे सुरू झाली, हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांनी एकदम ओ दिली.

अशी वाढ तळ्याने कधी पाहिली नव्हती. पाणकणसाचं डोकं बांधाच्या वर गेलं आणि आपल्याला जग दिसतं, असं ते सर्वांना सांगू लागलं. त्याची मान पिळवटून वाकडी झाली, तेव्हा उंची आली की मान लवतेच, असं ते म्हणालं. देठ सुजले, त्याला सगळ्यांनी बाळसं म्हटलं. कमळिणीची पानं एकमेकांवर चढली आणि उजेडाच्या फटी बुजल्या.

तळाशी अंधार झाला. तळगवताच्या कुशीत एक इवलासा कोंब होता. त्याच्यासाठी थोडा उजेड सोडा, असा तळगवताने वर निरोप धाडला. तळातली म्हातारी गोगलगाय कमळिणीच्या देठावरून तो घेऊन गेली आणि उत्तर घेऊन उतरली. खालच्यांना दुसऱ्याची वाढ कधी सोसली आहे का, असं म्हणत वर सगळे हसले होते. कमळीण मात्र हसली नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, “मी कुठे वाढतेय? मला आतून सांगतंय कुणीतरी.”

“मलाही सांगतंय, आत्याबाई,” तळगवत गोगलगाईला म्हणालं. “पण आपली हाक दमते. ही दमत नाही.”

मग तळगवताने अंगात उरलेलं सगळं हिरवं त्या कोंबात ओतलं. एकेक पान त्याच्याभोवती आवळलं, तो खड्यासारखा घट्ट झाला. चिखलात सोडण्याआधी ते त्याच्या कानाशी म्हणालं, “ओ देऊ नकोस, बाळा. कितीही बोलावलं तरी.” तळगवताला आणखी काही सांगायचं होतं. कोणत्या हाकेला ओ द्यायची, ते. पण तेवढ्यात त्याचा शेवटचा बुडबुडा सुटला.

पुढे देठ उभे चिरले. पानं काळी पडली, मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून राहिले, मग तेही राहिले नाहीत. वाढता वाढता तळं कुजून गेलं.

वरून पाणी येत राहिलं, सांडव्यातून जात राहिलं. कडवटपणा विरला. मग एका वर्षी थंडी सरली आणि ऊन थेट तळाच्या चिखलावर उतरलं, कारण त्याला अडवायला वर एकही पान नव्हतं.

आणि कोंबाच्या आत हाक उठली. मंद होती. थांबली. बराच वेळ काहीच नव्हतं. पुन्हा आली, पुन्हा थांबली. गोगलगाय चिखलात त्याच्याजवळ येऊन बसली.

तिसरी आली.

कोंबाने अंग चोरलं आणि तो आणखी घट्ट मिटला. हाक थोडा वेळ रेंगाळली, मग विरत विरत गेली.

“दमली बघ, बाळा,” गोगलगाय म्हणाली. “ही आपली होती.”