नीनाचा झिजलेला पाय

इटलीतल्या एका लहान गावच्या कलादालनात फार पूर्वीपासून नियम होता: सोनेरी चित्रांतले संत वडीलधारे, लाकडी मूर्तींनी त्यांचा शब्द मोडायचा नाही. का, हे विचारायचं नाही.

पण लोक थांबत ते नीना नावाच्या छोट्या लाकडी संतिणीपाशी. पूर्वी ती चर्चमध्ये असताना आजारी लेकरांच्या आयांनी हात लावून लावून तिच्या पायाची बोटं झिजवली होती.

सोनेरी संतांचा जळफळाट होई. एकदा थोरले संत म्हणाले, "पोरी, तो झिजलेला पाय कापडाखाली झाक. दालनाची शोभा जाते."

"शोभा जाते, आजोबा, की तुमच्यापुढची गर्दी?" नीना म्हणाली. "मी नाही झाकणार. तुम्हाला कधी कुणी असा हात लावला होता?"

भिंतीवरचं सोनं नुसतं लखलखत राहिलं.