बॉनेटवरचं मांजर

साताऱ्याच्या हेमाताई पेंढारकरांना संशय घ्यायला एरवीही निमित्त लागत नसे. त्या कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी तर ते आयतंच समोर येऊन झोपलं होतं.

जुन्या गाड्या विकणारे बापूसाहेब नलवडे लाल गाडीपुढे छाती फुगवून उभे होते. "एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन! चण लहान, पण घाट म्हणजे पोरखेळ. आठवडाभर कुणी हातसुद्धा लावलेला नाही. फिरवा चावी, लोण्यासारखं चालतं की नाही बघा!"

हेमाताई चौकशी करूनच आल्या होत्या. अशा इंजिनाची टायमिंग चेन सैल झाली, की गार गाडी सुरू करताना ती खडखडते आणि इंजिन तापलेलं असलं की शहाण्यासारखी गप्प बसते. त्यांनी आवारावर नजर फिरवली. बाकी गाड्या दवाने निथळत होत्या. लाल गाडीच्या कोरड्या बॉनेटवर मात्र एक मांजर पाय ताणून घोरत पडलं होतं.

"फिरवा ना, ताई! शंका कसली?"

"शंका नाही हो. आठवडाभर बंद असलेल्या गाडीवर याला ऊब कुठून मिळाली, एवढाच विचार करतेय."

बापूसाहेब कसनुसं हसले आणि मांजराला हुसकायला धावले.

"राहू द्या त्याला," खुर्ची ओढून ऐसपैस बसत हेमाताई म्हणाल्या. "गार लागलं की आपणहून उतरेल. मग फिरवू चावी."

मांजर काही उतरलं नाही. उतरला तो बापूसाहेबांचा चेहरा.