अण्णांचा अर्धा कप

दूध संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब रक्ताचा रिपोर्ट नाचवत स्वयंपाकघरात शिरले. "हौसाबाई, माझी साखर वाढलीय! तूच चहात चोरून घालतेस. उद्यापासून येऊ नकोस."

"माझा चहा बिनसाखरेचा असतो, अण्णा. बाहेर किती घेता?"

"लोक आग्रह करतात, म्हणून अर्धाच कप! तेवढ्यानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी अण्णा तालुक्याला गेले, तशी हौसाबाई कळशी घेऊन त्यांच्या रोजच्या वाटेनं निघाली. "अण्णांचा अर्धा कप यात ओता," एवढंच दारोदारी म्हणाली. चेअरमनचा चहा म्हणून बायकांनी साखर सढळ हातानं घातली.

संध्याकाळी काठोकाठ भरलेली कळशी तिनं अण्णांपुढं आदळली. "हा तुमचा अर्धा कप. एवढा संपवा, मग मी जाते."

अण्णांनी कळशीत वाकून बघितलं आणि गुमान बिनसाखरेचा चहा मागितला.